‘अ’ जीवनसत्त्वाची शरीरातील वाटचाल

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत हैदराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आपण गेले चार दिवस इतिहास, संतवाङ्मय आणि संगीत यांचा आस्वाद घेतलात. आजची संध्याकाळ चिटणीसांनी एका शास्त्र शिकविणाऱ्या मास्तराच्या हवाली केली आहे. तेव्हा थोडी रुक्षता सोसावी लागेल. विषय मात्र आम्ही मुद्दाम निवडला. महोत्सवानिमित्त वसतिगृहातील प्रत्येक मुलास व्हिटॅमिनची एकेक बाटली द्यावी, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आलेली आहे. देणारांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. परंतु बाटलीतला थेंब पोटात गेल्यावर पुढे त्याचे काय होते, तो कोणाच्या खांद्यावर बसून कोठे जातो, आणि कोणत्या मुलाच्या शरीरात तो दाराशीच अडून राहतो, हे कळल्याशिवाय पैसा कोठे खर्चावा हे ठरविता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

रातांधळेपणा हे जुने दुखणे आहे. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी त्यास शबकोरी हा शब्द असे. संस्कृत वैद्यक त्यास नक्तांध्य म्हणते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्यावर बोकडाच्या यकृताचा उपाय सांगितला आहे, आणि प्राचीन मिसर देशातील वैद्यही यकृतच देत असत. उपाय अचूक होता. तो का लागू पडतो हे कळावयास मात्र १९१३ साल उजाडावे लागले. त्या साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे मॅकॉलम आणि मार्गेरीट डेव्हिस या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले. चरबी म्हणून नुसती डुकराची चरबी किंवा ऑलिव्हचे तेल दिले की उंदरांची वाढ खुंटे. लोण्यातील किंवा अंड्यातील स्निग्धांश दिला की ती पुन्हा सुरू होई. म्हणजे सगळे स्निग्ध पदार्थ सारखे नव्हेत, काहींत आणखी काही तरी आहे. त्या ‘काही तरी’ला पुढे ‘अ’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. त्याची रासायनिक घडण पॉल कारर यांनी १९३१ साली उलगडली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये जे घडले ते या ठिकाणी सांगण्याजोगे आहे. तो दुधादुभत्याचा देश; पण लोणी परदेशी विकून पैसा येई, आणि गरिबांच्या मुलांच्या वाट्यास मलई काढलेले दूध व वनस्पतिजन्य मार्गारीन येई. त्या मुलांचे डोळे कोरडे पडू लागले, काहींचे गेले. पुढे नाकेबंदीमुळे लोणी देशातच राहू लागले आणि शिधापत्रकावर सर्वांस मिळू लागले, तसे हे दुखणे ओसरले. ब्लॉक नावाच्या डॉक्टरांनी हे सारे नोंदवून ठेवले आहे. गावात गोठे भरलेले असून घरातले मूल ताकावर, असे चित्र आपल्याकडेही काही अपरिचित नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. हे जीवनसत्त्व आपल्या ताटात दोन रूपांनी येते. यकृत, अंड्याचा बलक, दूध, लोणी, तूप यांत ते तयार स्वरूपात असते. पालेभाज्या, गाजर, लाल भोपळा, पपई, पिकलेला आंबा यांत ते कच्च्या मालाच्या रूपाने असते. त्या कच्च्या मालास कॅरोटीन म्हणतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींत एक विकर या कॅरोटीनचे मधोमध दोन तुकडे करते आणि त्यांपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनविते. पण सगळे कॅरोटीन काही हाती लागत नाही. पूर्वी सहा भाग कॅरोटीनास एक भाग जीवनसत्त्व असा हिशेब धरीत. २००१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी तो बारास एक असा केला. पानांच्या पेशींत ते घट्ट अडकलेले असते. भाजी शिजवावी लागते, चिरावी लागते, आणि मुख्य म्हणजे तिला थोडे तेल लागते. ‘अ’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. पित्त आणि तेल यांच्याखेरीज ते आतड्याची वेस ओलांडीत नाही. नुसती उकडलेली, तेलाचा थेंबही नसलेली भाजी पथ्य म्हणून मुलास घालणारे घर आपल्या हातांनी अर्धे जीवनसत्त्व वाया घालविते.

आतड्याची वेस ओलांडल्यावर या जीवनसत्त्वास एका स्निग्धाम्लाची जोड मिळते, आणि चरबीच्या बारीक थेंबांत भरून ते रक्तवाहिन्यांत न जाता आधी लसिकावाहिन्यांत जाते. तेथून छातीतील मोठ्या लसिकानलिकेवाटे रक्तात. वाटेत इतर चरबी उतरत जाते, आणि उरलासुरला डबा यकृताच्या फलाटावर येऊन लागतो. यकृतातील मुख्य पेशी तो उतरवून घेतात आणि शेजारच्या तारकाकृती पेशींच्या स्वाधीन करतात. या पेशी कुप्फर नावाच्या जर्मन पंडिताने १८७६ साली सोन्याच्या क्षाराने रंगवून पाहिल्या होत्या. त्यांचे खरे काम काय, हे उमजावयास जवळजवळ शतक लोटले; जपानचे केन्जिरो वाके यांनी १९७१ साली दाखवून दिले की, हेच ‘अ’ जीवनसत्त्वाचे कोठार.

मराठवाड्यातील मंडळींपुढे आम्ही त्यास बळद म्हणू. जुन्या वाड्यात भिंतीच्या पोटात बांधलेले बळद असे. सुगीला वरून भरावयाचे आणि वर्षभर खालच्या तोंडाने काढावयाचे. यकृताचे असेच आहे. सुस्थितीतील माणसाच्या शरीरातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा बहुतेक साठा यकृतात असतो, आणि तो कित्येक महिने पुरतो. म्हणून आंब्याच्या दिवसांत पोटभर आंबे खाल्लेले मूल पुढे पावसाळाभर त्या शिदोरीवर निभावते. आमच्या घरी बकरी ईदला कलेजीचा मान असतो. तिचा गुण पुढे बरेच दिवस पुरतो तो याच बळदामुळे.

परंतु बळदात धान्य असून भागत नाही, ते चुलीपर्यंत कोणी तरी न्यावे लागते. तेलात विरघळणारा पदार्थ पाण्यासारख्या रक्तातून एकटा प्रवास करू शकत नाही. त्यास वाहून नेणारे एक लहानसे प्रथिन यकृतच तयार करते. हे प्रथिन कनाई, राझ आणि गुडमन यांनी १९६८ साली मानवी रक्तातून वेगळे काढून दाखविले. त्यास आपण हमाल म्हणू. हा हमाल एका वेळी एकच पोते उचलतो, दोन नाही. तो इतका लहान आहे की एकटाच निघाला तर मूत्रपिंडाच्या चाळणीतून गळून जावा. म्हणून रक्तात शिरताच तो एका मोठ्या प्रथिनाचा हात धरतो आणि जोडीने फिरतो. हव्या त्या पेशीपाशी आला की पोते उतरवितो, जोडीदाराचा हात सोडतो, आणि मग मूत्रपिंडात जाऊन नष्ट होतो. नवा फेरा नव्या हमालाचा. डोळ्यातील पेशींच्या दारावर पोते उतरवून घेणारा जो द्वारपाल आहे, त्याचा शोध तर २००७ साली लागला.

यात एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. बळदात धान्य असेतोवर यकृत रक्तातील प्रमाण जवळजवळ एकसारखे राखते. साठा निम्म्यावर आला तरी रक्ताच्या तपासणीत काही दिसत नाही. तळ दिसू लागला म्हणजेच रक्तातील आकडा घसरतो. तेव्हा रक्त ठीक आहे एवढ्यावरून घरात धान्य आहे असे समजू नये.

आता आजारांकडे येऊ, कारण या हमालांचे महत्त्व तेथेच कळते. समजा, मुलास भाकरी-डाळ बऱ्यापैकी मिळते, पण ‘अ’ जीवनसत्त्व मिळत नाही. अशा मुलाच्या यकृतात हमाल तयार असतात, पण उचलावयास पोतेच नसते. ते दाराशी वाट पाहत बसून राहतात. एक लहानशी मात्रा दिली की थोड्याच तासांत ते पोती घेऊन बाहेर पडतात आणि रक्तातील प्रमाण झपाट्याने वर येते. यावरूनच यकृतातील साठा अजमावण्याची एक चाचणी १९७९ साली बसविण्यात आली. आता उलट पाहा. मूल प्रथिनांवाचून आणि अन्नावाचून सुकले आहे, पायांवर सूज आहे. त्याच्या यकृतात थोडेबहुत जीवनसत्त्व असेलही, पण हमाल घडवावयास लागणारे प्रथिनच शरीरात नाही. बळदात दाणे आणि चूल थंड! कैरो येथील अशा मुलांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यांत असे आढळले की, मुलांस पुरेसे प्रथिन आणि अन्न मिळू लागताच, जीवनसत्त्वाची वेगळी मात्रा न देताही, रक्तातील ‘अ’ जीवनसत्त्व वर येऊ लागले. ते आतच होते. बाहेर आणणारे आले इतकेच.

हैदराबादकरांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, त्या अभ्यासाच्या कर्त्यांत डॉ. व्ही. एन. पटवर्धन यांचे नाव आहे. आपल्या तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था पूर्वी कुन्नूरला होती. १९१८ साली मॅकॅरिसन यांनी एका खोलीत सुरू केलेले ते काम १९५८ साली येथे आले, तेव्हा पटवर्धन हेच तिचे संचालक होते. त्यांच्यामागून डॉ. गोपालन आले.

जस्त कमी पडले तरी हमाल नीट घडत नाहीत. यकृतच बिघडले तर कोठार आणि कारखाना दोन्ही जातात. त्यातही दैवाचा खेळ असा की, यकृत कठीण होऊ लागले म्हणजे याच तारकाकृती पेशी जवळचे जीवनसत्त्व गमावतात आणि तंतू विणू लागतात. मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्यात याच्या उलट: हमाल नष्ट होत नाहीत, रक्तात साचतात, आकडा फुगतो. म्हणून मूत्रपिंडाच्या रोग्याने ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

आणि ताप. अंगात ताप भरला की यकृत आपले कारागीर दुसऱ्या कामाला लावते. हमाल कमी घडतात, शिवाय जबर आजारात काही जीवनसत्त्व मूत्रावाटे निघून जाते. गोवराइतके हे दुसऱ्या कोणत्याही दुखण्यात क्वचितच ठळकपणे दिसते. एकीकडे पेशींची नासधूस, म्हणून गरज वाढलेली. दुसरीकडे तोंड आलेले, अन्न जात नाही. तिसरीकडे वाहतूक बंद. लंडनमध्ये एलिसन यांनी १९३२ साली गोवराच्या तीनशे मुलांस मासळीच्या तेलातील सत्त्व दिले व तीनशे मुलांस दिले नाही. पहिल्या गटात ११ दगावली, दुसऱ्यात २६. तो निबंध पुढे जणू अडगळीत पडला. १९९० साली केपटाऊनच्या हसी आणि क्लाइन यांनी १८९ मुलांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला. दगावलेल्या १२ मुलांपैकी १० ज्यांस जीवनसत्त्व मिळाले नव्हते त्यांतली होती. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की, गोवर झालेल्या मुलास लागोपाठ दोन दिवस डॉक्टरांच्या हाताने मोठी मात्रा द्यावी: वर्षावरील मुलास दोन लक्ष एकक, सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलास एक लक्ष. ही आजारातली मात्रा. गोवराची लस मात्र वेळेवर टोचलीच पाहिजे, तिची जागा हे औषध घेत नाही.

आणि आपल्या घरांत गोवरात काय होते? फोडणी बंद. तेल बंद. अंडे, मांस तर उंबऱ्याबाहेर. हा रिवाज आमच्या शेजारच्या हिंदू घरांत आहे तसा मुसलमानांच्या घरांतही आहे. कोणी कोणास हसण्याचे कारण नाही. काही वर्षांपूर्वी देगलूरकडील एक कुटुंब वीटभट्टीच्या कामावर येथे आले होते. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीस गोवर आला आणि गेला. पुढे तीन आठवड्यांनी आईने सांगितले की, दिवेलागणीला पोर ताटातली भाकरी चाचपडते. शेजारणींनी सांगितले, अजून तेल देऊ नको. मोठी बहीण आमच्या वर्गात होती. तिने शाळेत येऊन हे सांगितले म्हणून आम्हांस कळले. आम्ही पाहिले तेव्हा एका डोळ्याच्या बुबुळावर चमक राहिली नव्हती, ते ओल्या काचेसारखे नसून धूळ बसलेल्या काचेसारखे दिसत होते. त्याच दुपारी तिला इस्पितळात नेले. बुबुळ एकदा मऊ पडू लागले की दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. एक डोळा पूर्ण वाचला. दुसऱ्यावर फूल राहिले. ती मुलगी आज आपल्याच वसतिगृहात आहे आणि वर्गात डाव्या बाजूस बसते, म्हणजे चांगला डोळा फळ्याकडे राहतो.

डोळ्यात हे जीवनसत्त्व नेमके काय करते, हे जॉर्ज वॉल्ड यांनी उलगडले. त्यांस १९६७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दृष्टिपटलातील दंडगोल पेशींत या जीवनसत्त्वाचे एक वाकडे रूप एका प्रथिनात अडकवलेले असते. प्रकाशाचा किरण पडला की ते वाकडे रूप सरळ होते, आणि त्या सरळ होण्यातूनच मेंदूस संदेश जातो. मग ते सरळ रूप मागच्या थरात जाऊन पुन्हा वाकडे होऊन परत येते. या फेऱ्यात थोडी तूट येत राहते, ती रक्तातून भरून निघाली नाही तर अंधुक उजेडात दिसेनासे होते. मात्रा मिळाली की बहुधा एक-दोन दिवसांतच मूल संध्याकाळी चालू लागते. औषधाचा इतका झटपट गुण आम्ही दुसऱ्या फार थोड्या रोगांत ऐकला आहे.

परंतु डोळा हा या जीवनसत्त्वाचा एकच ग्राहक नव्हे. त्याचे दुसरे एक रूप, आम्लरूप, पेशीच्या केंद्रापर्यंत जाते आणि कोणता गुणधर्म जागा करावयाचा हे ठरविते. तेथील ग्राहक प्रथिने १९८७ साली सापडली. नाक, घसा, श्वासनलिका, आतडे यांचे ओलसर अस्तर याच्याच हुकमाने ओलसर राहते. हुकूम येईनासा झाला की तेथे कातडीसारखा कोरडा थर धरतो आणि जंतूंस वाट मिळते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे डाग दिसतात ते याच कोरडेपणाचे. बितो नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८६३ साली त्यांचे वर्णन केले. इंडोनेशियात आल्फ्रेड सॉमर यांस आढळले की, डोळ्यांत सौम्य लक्षणे असलेली मुले इतर मुलांपेक्षा अधिक मरतात, आणि तीही जुलाब व फुप्फुसांच्या दुखण्यांनी. त्यांच्या आचे प्रांतातील प्रयोगात मात्रा दिलेल्या गावांत बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. तो निबंध १९८६ चा.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लक्ष मुलांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात घट जेमतेम ४ टक्के निघाली, तीही योगायोगाने येऊ शकेल इतकी. भारतात मोठ्या मात्रेचा कार्यक्रम १९७० साली सुरू झाला तो गोपालन यांच्या संस्थेच्या कामावरूनच. आज नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत नऊ मात्रा देतात. आणि तेच डॉ. गोपालन उतारवयात म्हणू लागले की, ही तात्पुरती सोय होती, आता मुलांस भाज्या आणि पुरेसे अन्न द्या. ते २०१९ साली शंभर वर्षांचे होऊन गेले. ज्या माणसाने एखाद्या योजनेस आरंभ करून दिला त्यानेच ती आवरा म्हणावे, हे आम्हांस त्यांच्या विद्वत्तेइतकेच मोठे वाटते. वीटभट्टीवरील मुलांस आणि गोवराच्या मुलांस मात्रा हवीच, असे आमचे मत. पण वसतिगृहातील आठ ते पंधरा वर्षांच्या, दोन वेळ जेवणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे.

बाटल्यांविषयी आणखी एक धोका. हमालांची संख्या मर्यादित असते. बळद भरून वाहू लागले की जास्तीचे जीवनसत्त्व हमालांशिवाय, मोकळेच रक्तात फिरू लागते आणि पेशींची आवरणे दुखावते. डोके दुखते, केस गळतात, यकृत सुजते. ध्रुवप्रदेशातील पांढऱ्या अस्वलाचे यकृत खाऊन माणसे आजारी पडली आहेत ती यामुळे. गर्भवती स्त्रीने तर रोज दहा हजार एककांवर हे जीवनसत्त्व घेऊ नये. गर्भास व्यंग येते. मुरुमांवरच्या काही गोळ्या याच कुळातील आहेत, तेव्हा तरुण मुलींनी त्या डॉक्टरांच्या देखरेखीवाचून मुळीच घेऊ नयेत. भाजीपाल्यातील कॅरोटीनाचे मात्र असे नाही. त्याचे रूपांतर शरीर गरजेपुरतेच करते. रोज पपई आणि गाजर खाणाऱ्या एका मुलाचे तळहात पिवळे झाले म्हणून त्याची आई काविळीच्या भीतीने आमच्याकडे आली होती. डोळे स्वच्छ पांढरे होते. काविळीत डोळे पिवळे होतात, यात होत नाहीत. चार दिवस गाजर कमी करा, एवढेच सांगावे लागले.

तेव्हा कार्यकारिणीपुढे आमचे म्हणणे असे आहे. बाटल्यांसाठी धरलेली रक्कम वसतिगृहाच्या मुदपाकखान्याकडे वळवावी. जी मुले खातात त्यांस आठवड्यातून तीन दिवस अंडे, जी खात नाहीत त्यांस त्या दिवशी जादा दूध. हमाल घडतात ते यांतील प्रथिनांनी. पालेभाजी रोज, आणि तीत तेलाची फोडणी. काटकसर तेलात करू नये. अंबाडी, माठ, मेथी, आळू येथे बाराही महिने काही ना काही मिळते. नव्याने दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलास पहिल्या आठवड्यात दिवे लागल्यावर अंगणात चालवून पाहावे, एवढे काम आम्ही शिक्षक करू. ज्यांस दिसत नसेल त्यांस दवाखान्यात पाठवू. राहता राहिला शेवगा. त्याच्या पाल्याइतका स्वस्त आणि गुणकारी पाला दुसरा नाही, आणि विहिरीच्या कडेची जागा रिकामीच आहे. त्याचे फाटे आमच्या आवारातील झाडाचे आणून देऊ. मृगाच्या पावसात लावले म्हणजे लागतात.